हाक पोचेल तिथवर

ज्या वर्षी भोंगेवाल्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी देशाचे मोठे नेते भाषणाला आले. लग्न आधी झालं, नेते नंतर आले. हे पक्कं लक्षात राहायचं कारण असं की लग्नात सासरच्या माणसांनी आवाजावरून कुरकुर केली होती. स्वतःच्या मुलीच्या लग्नात भोंगेवाल्याने स्वतःचे भोंगे लावले, हौसेने लावले, आणि वर बोलणी खाल्ली. ते त्याच्या मनाला फार लागलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, ते खोटं नव्हते बोलत. तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही वाढवता. पोरगी जाताना रडत होती, तेसुद्धा कुणाच्या कानावर गेलं नाही."

"मला? मला कमी ऐकू येतं?"

"नाही. मला जास्त ऐकू येतं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

खरी गोष्ट तिचीच होती. मिसरूड फुटल्यापासून तो माणूस भोंग्यांच्या पायाशी बसत आला होता. सभा, लग्न, दुकानाचं उद्घाटन, शाळेचा समारंभ, काहीही असो. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा त्याच्या वाटेवर. धंदा दोघा भावांचा. थोरला ॲम्प्लिफायरपाशी बसायचा आणि धाकटा मैदानाच्या पार टोकाला, शेवटच्या भोंग्यापाशी उभा राहायचा. दोघांमध्ये सगळी गर्दी असायची, म्हणून बोलणं हातानेच. धाकट्याने तळवा वर केला की आवाज वाढवायचा, तळवा खाली केला की उतरवायचा, आणि मूठ मिटली की बटणाला हात लावायचा नाही. हा नेम त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता. शेवटच्या भोंग्यापाशी माणूस असल्याशिवाय बटण फिरवायचं नाही, म्हणजे नाही. ॲम्प्लिफायरपाशी बसलेल्याला वाटतं आवाज पोचला, पण पोचलेला नसतो. कधी वाटतं पोचला नाही, आणि तिकडे लोक कानावर हात ठेवून बसलेले असतात.

मुलगी सासरी गेली आणि भोंगेवाल्याच्या बायकोला धाप लागायला लागली. आधी वाटलं, लग्नाच्या दगदगीने असेल. मग एकदा ती पाण्याची कळशी उचलताना खालीच बसली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हृदयाचं दुखणं आहे. कळ आली की जिभेखाली गोळी ठेवायची, हलायचं नाही, आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी असायला हवं.

आता हाकेच्या अंतरावर नवरा होता, पण हाक ऐकू येणारा नव्हता. माणसाचा आवाज त्याच्या कानापर्यंत येईतो विरून जायचा. तिने स्वतःच तोड काढली. स्वयंपाकघरात आपल्या बसायच्या जागेशी एक पितळी ताट आणि एक पळी ठेवली. कळ आली की ताटावर पळी हाणायची. तो दणका त्याला बरोबर ऐकू जायचा. हातातलं टाकून तो धावत यायचा, फळीवरची डबी काढायचा, गोळी द्यायचा आणि ती घाम पुसून बोलायला लागेपर्यंत तिथेच उकिडवा बसून राहायचा.

धाकटा थट्टेने म्हणायचा, "वहिनी, घरात शाळेची घंटा बसवलीत की."

"काय करू भाऊजी, शाळेत विद्यार्थी एकच, आणि तोही कानाने अधू."

तर असं सगळं चाललेलं असताना नेते यायचे ठरले, आणि सभेचे भोंगे लावायचं काम या भावांकडे आलं. एवढं मोठं काम त्यांच्या वडिलांनाही कधी मिळालं नव्हतं. मैदानभर खांब रोवले, तारा ओढल्या. आणि सगळ्यात शेवटचा भोंगा भोंगेवाल्याने मैदानाच्या बाहेर, स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दिव्याच्या खांबावर बांधला.

सभेची व्यवस्था बघणारा माणूस वैतागला. "इथे कशाला? इथे कोण बसणार आहे?"

"एक जण बसणार आहे," भोंगेवाला म्हणाला. "तिला मैदानापर्यंत चालवत नाही."

भोंगेवाल्याने आयुष्यात किती भाषणं ऐकली असतील त्याला मोजदाद नव्हती, आणि तसं पाहिलं तर त्याने एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. त्याचं लक्ष आवाजाकडे. शिट्टी वाजत नाही ना, घरघर येत नाही ना, वक्ता माइकला तोंड लावून बोलत नाही ना. कोण काय बोललं, ते त्याला कधीच सांगता यायचं नाही. त्या दिवशी मात्र नेते उठले आणि इतके हळू, इतके सावकाश बोलायला लागले की घरघर नाही, शिट्टी नाही, त्याला करायला काही कामच उरलं नाही. आणि मग शब्द त्याच्या कानात शिरले.

नेते म्हणाले, "धरण आम्ही बांधू. रस्ता आम्ही करू. दवाखाना उभा करू. ते आमचं कामच आहे, त्याबद्दल टाळ्या वाजवू नका. पण नळ उघडा टाकून घरात जाऊन झोपणारा माणूस माझं धरण रिकामं करतो, त्याला मी काय करू? तुम्ही मला विचारता, देशासाठी आम्ही काय करायचं? सोपं आहे. आपल्या दारात उभे राहा आणि एक हाक मारा. ती हाक जिथवर पोचेल, तिथवरचा देश तुमचा. तेवढा नीट ठेवा. त्याच्यापुढचा देश पुढच्या दारातल्या हाकेचा आहे. हाकेला हाक लागू द्या. मग बघा, हा देश कुठल्या कुठे जातो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भोंगेवाल्याने सवयीने पार टोकाला पाहिलं. धाकटा खांबाशी उभा होता, दोन्ही हात खाली सोडून. ना तळवा, ना मूठ. हात करायचंच तो विसरून गेला होता.

सभा सुटल्यावर भोंगेवाला आधी तारा न गुंडाळता घरी गेला. बायको दारात स्टुलावर बसलेली.

"ऐकलंस?"

"ऐकलं हो. शब्द न् शब्द. शहाणा माणूस आहे. मोठमोठ्या गोष्टी केल्या नाहीत त्याने. आधी दार म्हणाला, मग देश." ती हसली. "पण तुमची झाली पंचाईत. आमची हाक जाते फार तर नळापर्यंत. तुमची जाते भोंग्यातून अख्ख्या गावात. झाडू किती आणू सांगा."

ती गमतीने म्हणाली, पण त्याने ते गमतीवारी नेलं नाही. रात्रभर त्याच्या डोक्यात तेच. तिचं खरंच होतं. नेत्यांनी माप सांगितलं ते हाकेचं सांगितलं, आणि दुसऱ्या कुणाची हाक त्याच्याएवढी लांब जाते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फावडं घेऊन गल्लीच्या तोंडाशी तुंबलेल्या गटारात उतरला. समोर राहणारी शिवणकाम करणारी बाई खिडकीतून बघून म्हणाली, "काका, निवडणुकीला उभे राहताय की काय?"

"उभा कुठे, बघ की, वाकलोय."

ती हसली, आणि मग दोन-चार दिवसांनी तीही झाडू घेऊन बाहेर आली. तिच्यामागून आणखी दोघं-तिघं आले. नळाची तोटी गेलेली होती, ती बसली. गल्लीतला दिवा कित्येक महिने बंद होता. भोंगेवाला कचेरीत इतके खेटे घालून आला की तिथल्या साहेबाने कंटाळून माणूस पाठवला. त्याच्या बायकोला झाडू धरवत नव्हता, पण ती स्टुलावर बसून हुकूम सोडायची. "त्या कोपऱ्यात राहिलं. हां, तिथेच. अहो, डोळे तरी शाबूत आहेत ना तुमचे?"

"तू काय फक्त बसून बोलणार?" शेजारीण चिडवायची.

"मग? मी देशाची मुकादम आहे."

काही महिने गल्ली अशी लखलखीत राहिली की परक्या गल्लीतली माणसं मुद्दाम त्या वाटेने जायची. मग जे व्हायचं ते झालं. उत्साह ओसरला. खिडकीतून साली पडायला लागल्या, नळ उघडा राहायला लागला. भोंगेवाला लोकांवर डाफरला, भांडला. बायकोने त्याला हात धरून खाली बसवलं.

"भांडू नका. लोक वाईट नाहीत, विसरतात. सभेत तुम्ही ती टेप केली होती ना भाषणाची? ती लावत जा सकाळी. सगळी नको, ते हाकेचं तेवढं. मलाही ऐकावंसं वाटतं."

दिव्याच्या खांबावरचा भोंगा त्याने उतरवलाच नव्हता. ॲम्प्लिफायर पुढच्या खोलीत. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी भाषण लागायला लागलं. आणि चमत्कार झाला म्हणा. भाषण लागलं की माणसं झाडू घेऊन बाहेर. एवढं वाक्य होईपर्यंत दार, तेवढं वाक्य होईपर्यंत गटार, असं गणितच बसलं लोकांचं. टाळ्या वाजल्या की काम संपलं. आतल्या खोलीत त्याची बायको चुलीपुढे बसून नेत्यांच्या बरोबरीने शब्द पुटपुटायची.

सुरुवातीला धाकटा यायचा, खांबापाशी उभा राहायचा, मूठ मिटून दाखवायचा. पुढे त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला बिऱ्हाड केलं. त्याला रोज येणं होईना.

"दादा, मी नसताना बटणाला हात लावू नका हं."

"अरे, एक भोंगा तो. त्याला माणूस कशाला उभा करायचा?"

इथे चुकलं. उभ्या जन्मात मोडला नव्हता तो नेम त्याने मोडला. शेवटच्या भोंग्यापाशी कुणी नाही, आणि माप काय, तर त्याचे स्वतःचे कान. आज जरा दबल्यासारखा वाटतो म्हणून थोडं फिरव. उद्या आणखी थोडं. कान उतरत गेले तसतसं बटण चढत गेलं.

समोरची बाई एकदा सांगायला आली, "काका, जरा कमी करा. शिलाई मशीन चालू आहे की बंद, तेही मला हात लावून बघावं लागतं."

"देशासाठी एवढं सोस की," तो हसून म्हणाला. त्याला वाटलं, बाई कामाची टाळाटाळ करते.

बायकोही एकदोनदा म्हणाली, "अहो, फार होतंय." पण ते ती नेहमीच म्हणायची. मुलीच्या लग्नापासून म्हणत होती.

थंडी कडाक्याची पडली होती. गल्लीतली सगळी दारं-खिडक्या बंद. अर्धी थंडीमुळे, अर्धी भोंग्यामुळे. भोंगेवाल्याने भाषण लावलं. पुढच्या खोलीत शाल पांघरून तो ऐकत बसला. हाकेचं वाक्य आलं. त्या दिवशी त्याला ते फारच गोड वाटलं. टेप मागे घेऊन त्याने ते पुन्हा लावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने बटण बंद केलं. घर एकदम गप्प झालं.

"अगं, चहा टाकतेस का?"

उत्तर आलं तरी त्याला ऐकू येत नसे, म्हणून तो जरा वेळ तसाच बसला. मग उठून आत गेला.

ती भिंतीला टेकून बसलेली होती. मान एका बाजूला. पळी अजून हातात होती. ताट मांडीवरून घसरून जमिनीवर पडलं होतं, आणि त्याच्या काठाला नवे पोचे पडले होते. एक नाही, काठभर. गोळ्यांची डबी वर फळीवर, जिथल्या तिथे.

लोक जमले. समोरची बाई तोंडावर पदर धरून पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. "मला ऐकू आलं होतं हो काहीतरी. मला वाटलं, भाषणातल्या टाळ्याच आहेत. देवा रे, मला टाळ्या वाटल्या."

 धाकटा आला, भोंगेवाल्याजवळ बसला. मुलगी सासरहून आली, गळ्यात पडून रडली. तिचं रडणं त्याला ऐकू येत नव्हतं, फक्त खांद्याला तिचा हुंदका लागत होता.

सगळं आटोपल्यावर त्याने शिडी लावली आणि खांबावरचा भोंगा उतरवला. टेप ट्रंकेत घातली, ताट तिच्यावर ठेवलं, आणि ट्रंक लावून टाकली. त्यानंतर तो ॲम्प्लिफायरपाशी कधी बसला नाही. धंदा धाकट्याने पुढे नेला. थोरला सकाळी उठायचा, नळापर्यंत गल्ली झाडायचा आणि परत येऊन दारातल्या स्टुलावर बसायचा. समोरची बाई त्याच्या बरोबरीने झाडायची. 

एकदा कुणीतरी, त्याला बरं वाटावं म्हणून, म्हणालं, "त्या भाषणानेच घात केला बघा तुमचा."

तो ताडकन उठला. "भाषणाचं नाव काढायचं नाही. भाषणात काही खोट नव्हती. तिला आवडायचं ते."

"मग?"

"आवाज मी वाढवला," एवढं बोलून तो आत गेला.

वर्षं गेली. गावात नवा पूल झाला, घरोघर नळ आले, मैदानाशेजारी दवाखाना उभा राहिला. नेत्यांनी सांगितलं होतं, त्यातलं बरंचसं झालं. आणि एके दिवशी बातमी आली की नेते गेले. गाव हळहळलं. त्याच मैदानावर शोकसभा ठरली, आणि कुणाला तरी आठवलं की इथलं ते भाषण भोंगेवाल्याकडे आहे. दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं.

नगराध्यक्ष स्वतः धाकट्याला घेऊन आले. मोठ्याने बोलावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. "काका, ते हाकेचं भाषण लोकांना ऐकवायचंय. टेप द्याल?"

"नाही."

ते अजिजी करून गेले. धाकटा मागे राहिला. भावाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "दादा, तुम्हाला नको तर नको. मी त्यांना सांगतो. पण एवढं बोलतो. त्या सभेत तुम्ही शेवटचा भोंगा वहिनीसाठी लावला होता. ते भाषण नेत्यांचं जेवढं, तेवढंच तिचं होतं."

भोंगेवाल्याने रस्त्याकडे, त्या दिव्याच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाला, "शेवटच्या भोंग्यापाशी तू उभा राहशील?"

"दुसरं कोण राहणार?"

"आणि भोंगा गल्लीच्या तोंडाशी लागला पाहिजे. त्याच खांबावर."

"लावतो."

त्याने ट्रंक उघडली. टेप धाकट्याच्या हातात दिली आणि उद्या काय करायचं ते त्याला सांगितलं. ताट आणि पळी घेऊन तो समोरच्या घरी गेला. ती बाई शिवत बसली होती. ताट पाहून तिचा हात थांबला.

"माझं एक काम करशील? उद्या सभेच्या वेळी माझ्या घरात, चुलीपाशी बस. भाषण लागलं की हे वाजव. हळू नको, जोरात नको. दुखत असलेलं माणूस वाजवेल तसं."

बाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण तिने ताट घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मैदान भरलं. भोंगेवाला कित्येक वर्षांनी ॲम्प्लिफायरपाशी बसला. माणसांनी त्याला वाट करून दिली. टेप सुरू झाली. "धरण आम्ही बांधू. रस्ता आम्ही करू." त्याने मान वर करून मैदानाच्या पार टोकाला पाहिलं. धाकटा खांबाशी कान देऊन उभा होता. त्याचा एक कान भोंग्याकडे, एक गल्लीकडे.

तळवा खाली.

भोंगेवाल्याने बटण फिरवलं. धाकट्याचा तळवा अजून खालीच. आणखी फिरवलं. मागच्या बाजूने लोक ओरडायला लागले, "आवाज! आवाज वाढवा!" नगराध्यक्ष घाईघाईने उठून आले. "काका, काही ऐकू येत नाही हो."

"बसा," तो म्हणाला. नजर त्याने टोकावरून काढली नाही.

तळवा खाली. तळवा खाली. तो उतरवत गेला. आता त्याला स्वतःला काहीच ऐकू येत नव्हतं. टेपचं चाक फिरताना दिसत होतं, तेवढंच. आणि मग पार टोकाला धाकट्याने मूठ मिटली. ती त्याने वर धरली आणि तशीच धरून ठेवली. दुसऱ्या हाताने तो डोळे पुसत होता.

गल्लीच्या आतून, बंद दारामागून, ताटाचा आवाज धाकट्याला ऐकू आला होता.

भोंगेवाल्याने बटणावरून हात काढला.

लोक थोडा वेळ कुजबुजले. मग पुढच्यांनी मागच्यांना गप्प केलं, आणि मागचे उठून पुढे सरकले. जो तो भोंग्यांच्या जवळ जाऊन, एकमेकांना खेटून उभा राहिला. एवढ्या मोठ्या मैदानात कुणी खोकलं तरी ऐकू यावं अशी शांतता झाली. त्या शांततेत नेते हळू आवाजात सांगत होते की आपल्या दारात उभे राहा आणि एक हाक मारा.

टाळ्या आल्या त्या टेपमधल्याच. मैदानात कुणी वाजवल्या नाहीत.

नेते गेले ते उन्हाळा लागता लागता, नवा पूल होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा. भोंगेवाल्याची बायको त्यांच्या कितीतरी आधी गेली, मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, थंडीत, सकाळच्या वेळी, भाषण चालू असताना.